खाडीचा की दर्याचा?

चिपळूणच्या मासळी बाजारात हल्ली भावाच्या आधी एक प्रश्न येतो. गिऱ्हाईक बोईटाचा कल्ला उघडून बघतं, मासा नाकाशी नेतं आणि विचारतं, "मावशी, खाडीचा की दर्याचा?" मावशीचं उत्तर ठरलेलं असतं. "दर्याचाच हाय ताई, खाडीचा आता कोन घेतंय?" एके काळी दाभोळ खाडीच्या बोईटाला, शिंगाळ्याला, कालवांना बाहेरच्या मासळीपेक्षा जास्त मान होता. गोड्या-खाऱ्या पाण्यातल्या माशाची चव वेगळी, असं सांगून तो चढ्या भावाने विकला जायचा. आता त्याच खाडीचं नाव मावशी तोंडातून काढत नाही. पण मनात अडकून राहतं ते हे उत्तर नव्हे, ते हुंगणं. ताई मासा हुंगते, रॉकेलचा किंवा औषधाचा वास येत नाही म्हणून मान डोलावते, आणि मासा पिशवीत जातो. परीक्षा झाली, मासा पास. नाकाने नेमकी कसली परीक्षा घेतली, हे मात्र कुणी विचारत नाही.

नाकाला फिनॉल कळतं, अमोनिया कळतो, सल्फाइडचा कुजका वास आणि सॉल्व्हंटचा गोडसर दर्प कळतो. खाडीत मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागतात तेव्हा बहुधा यांच्यापैकीच कुणीतरी आलेलं असतं, किंवा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. ते भयंकर दिसतं, पेपरात फोटो येतात, पंचनामे होतात. पण यातला बराचसा माल काही भरत्या-ओहोट्यांत पातळ होतो, उरलेला जिवाणू खातात. वर्षानुवर्षं टिकतात ती रसायनं वेगळी. पीसीबी, जुनी ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं, आणि ज्यांना सरसकट ‘पीफास’ म्हणतात ती फ्लोरीनची माळ असलेली द्रव्यं. पाण्यात ती ज्या प्रमाणात असतात त्या प्रमाणात त्यांना वास नाही, रंग नाही, चव नाही. त्यांनी मासा मरून तरंगत नाही. तो धडधाकट वाढतो, अंडी घालतो आणि बाजारात येतो.

पीसीबी म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन बेन्झिनची कडी आणि त्यांवर एक ते दहा क्लोरीन. क्लोरीन कुठे आणि किती बसले यावरून त्याचे २०९ प्रकार होतात. १९२९ पासून ते कारखान्यांत बनू लागलं, कारण ते पेट घेत नाही, वीज वाहू देत नाही आणि वर्षानुवर्षं तापलं तरी बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरवाल्यांना यापेक्षा आणखी काय हवं? बिघडत नाही हाच त्याचा गुण होता आणि तोच पुढे अवगुण ठरला. अशा टिकाऊ विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार २००४ मध्ये लागू झाला, भारताने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. २०१६ च्या केंद्राच्या आदेशाने पीसीबीची निर्मिती आणि आयात बंद झाली आणि पीसीबी असलेली उपकरणं वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ठरली. पीफासची गोष्ट आपल्याकडे अजून ताजी आहे. इटलीच्या व्हिचेंझाजवळ मिटेनी नावाच्या कारखान्याने भूजल इतकं नासवलं की, काही लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. २०१८ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं आणि २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्याशी आणि त्याच्या मालक कंपन्यांशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आल्याच्या बातम्या वाचल्यावर खेड-चिपळूणकडचा माणूस ‘पीफास’ हा शब्द शिकला.

आता थायरॉइडकडे, कारण यातली काही रसायनं त्याच्या हार्मोनच्या वाटेत जाऊन बसतात. गळ्यातली ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन बनवते, टी-फोर. त्यातही दोन कडी आहेत, चार आयोडीन आहेत, आणि बाहेरच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल, दोन आयोडीनच्या मधोमध. हा रेणू पाण्याला फारसा राजी नसतो, त्यामुळे रक्तात त्याला वाहून नेणारं कुणीतरी लागतं. दहा हजार टी-फोर रेणूंपैकी जेमतेम तीन मोकळे फिरतात, बाकीचे प्रथिनांना बिलगलेले असतात. सुमारे तीन चतुर्थांश टीबीजी या प्रथिनाकडे, पंधरा-वीस टक्के ट्रान्सथायरेटिनकडे, उरलेले अल्ब्युमिनकडे. पेशीत शिरतात ते मोकळे असलेलेच, पण बिलगलेल्यांचा साठा असतो म्हणून मोकळ्यांचा पुरवठा दिवसभर एकसारखा राहतो आणि टी-फोर रक्तात आठवडाभर टिकतं. ट्रान्सथायरेटिन चार सारख्या तुकड्यांचं असतं. ते यकृतात बनतं आणि शिवाय मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये, जिथे मेंदूभोवतीचा द्रव झिरपतो, तिथेही बनतं. म्हणजे दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट जशी दोन काठ जोडते, तसं हे प्रथिन मेंदूकडच्या काठावर थायरॉक्सिन धरून ठेवायला मदत करतं. त्या द्रवात टी-फोरचा मुख्य वाहक तेच आहे.

ट्रान्सथायरेटिनच्या मधोमध एक बोळ आहे आणि त्या बोळात दोन जागा. एक भरली की दुसरीत बसणं अवघड होतं, म्हणून बहुधा एकच भरलेली असते. बोळाच्या तोंडाशी लायसिन हे अमिनो आम्ल आहे, ते ऋणभार असलेल्या टोकाला ओढतं. आत आयोडीनच्या मापाचे खळगे आहेत, आणि तळाशी सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल. थायरॉक्सिन तिथे नेमकं बसतं. अडचण अशी की, त्या मापाचं दुसरं काही आलं तर तेही बसतं.

आणि ते दुसरं काही पुष्कळदा आपलं यकृतच तयार करून देतं.

यातला हा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. मूळ पीसीबी ट्रान्सथायरेटिनमध्ये विशेष बसत नाही. ते चरबीत जाऊन पडतं. यकृत त्याला बाहेर काढायचा प्रयत्न करतं. ते पाण्यात विरघळावं म्हणून यकृतातली विकरं कड्यावर एक हायड्रॉक्सिल चढवतात. पुढे त्याला साखरेचा एखादा तुकडा जोडला की पित्तातून, लघवीतून वाट मिळते, आणि बहुतेकांना ती मिळतेही. पण ज्यांच्यात हायड्रॉक्सिल दोन क्लोरीनच्या मधे चढतं, त्यांचं ते टोक हुबेहूब थायरॉक्सिनच्या बाहेरच्या कड्यासारखं दिसू लागतं, आयोडीनच्या जागी फक्त क्लोरीन. मग ते बाहेर जायच्या ऐवजी ट्रान्सथायरेटिनच्या बोळात जाऊन बसतं, आणि काही प्रकार तर खुद्द थायरॉक्सिनपेक्षा घट्ट. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत हे पहिल्यांदा नीट दिसलं. पीसीबी दिलेल्या उंदरांच्या रक्तातलं थायरॉक्सिन घसरलं आणि जीवनसत्त्व अ सुद्धा घसरलं. कारण जीवनसत्त्व अ वाहणारं प्रथिन ट्रान्सथायरेटिनच्याच आधाराने फिरतं. आधार ढासळला की ते लहानगं प्रथिन मूत्रपिंडातून निसटतं. लाकडाला लावायचं पेंटाक्लोरोफिनॉल आणि सर्किट बोर्डात वापरलं जाणारं टीबीबीपीए हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक, ही दोन्ही परीक्षानळीत याच जागेवर थायरॉक्सिनला हरवतात.

पीफासचं वेगळं. त्याला कडी नाहीत, यकृत त्याचं काही करू शकत नाही, ते जसं आलं तसंच राहतं. दिसायला ते स्निग्धाम्लासारखं असतं, एका टोकाला ऋणभार, मागे फ्लोरीनने झाकलेली शेपटी. रक्तात बहुतांश ते अल्ब्युमिनला चिकटतं, पण बोळाच्या तोंडचं लायसिन त्याच्या टोकालाही ओढतं. थायरॉक्सिनपेक्षा त्याची पकड कित्येक पटींनी ढिली असते. तरी सहा कार्बनचं पीएफएचएक्सएस हे आठ कार्बनच्या पीएफओएसपेक्षा या जागेत चांगलं बसतं, आणि माणसाच्या अंगातून ते निम्मं व्हायला पाच वर्षांच्या वर लागतात. लघवीतून निघालेलं मूत्रपिंड पुन्हा आत घेतं, म्हणून हा उशीर.

इथे थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. "रसायनं थायरॉइडची वाहतूक रोखतात" असं मथळ्यात वाचलं की, वाटतं झालं, गावभर गलगंड. तसं होत नाही. माणसाच्या रक्तात ट्रान्सथायरेटिनच्या शंभर रेणूंपैकी एकावरसुद्धा थायरॉक्सिन नसतं, जागा मुबलक रिकाम्या असतात. शिवाय टीबीजी आहे, आणि हायड्रॉक्सिल असलेलं पीसीबी टीबीजीला जवळजवळ हात लावत नाही. मोठ्या उंदराच्या रक्तात टीबीजी फारसं नसतं, त्याचा मुख्य भार ट्रान्सथायरेटिनवर. म्हणून उंदरात जे ठळक दिसतं ते माणसात पुसट होतं. ट्रान्सथायरेटिनचं जनुकच काढून टाकलेले उंदीरही जगले, रक्तातलं एकूण थायरॉक्सिन कमी पण ऊती ठीकठाक. त्याहून बोलका दाखला औषधाचा आहे. टाफामिडिस हे औषध मुद्दाम त्याच बोळात बसवलं जातं, ट्रान्सथायरेटिनचे तुकडे सुटून हृदयात साचू नयेत म्हणून. ते घेणाऱ्यांचं एकूण टी-फोर थोडं खाली येतं, थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच हे हार्मोन हलत नाही, थायरॉइडची तक्रार उद्भवत नाही. म्हणजे प्रौढ माणसाच्या अंगात या अडवणुकीला पर्यायी वाटा भरपूर आहेत.

मग काळजी कुणाची? ज्यांच्याकडे पर्यायी वाटा कमी आहेत त्यांची. गर्भाची थायरॉइड ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्यात कुठे काम सुरू करते आणि स्वतःचा पुरेसा माल बनवायला गरोदरपणाचा मध्य उजाडतो. तोवर मेंदूची बांधणी आईच्या थायरॉक्सिनवर चालते. ते वारेतून (प्लॅसेंटातून) पलीकडे जावं लागतं, आणि वार स्वतः ट्रान्सथायरेटिन बनवते. गाभण उंदरांना हायड्रॉक्सिल असलेलं पीसीबी दिलं तेव्हा ते पिलांच्या रक्तात आणि मेंदूत पोचलं, पिलांचं थायरॉक्सिन उतरलं. इथे प्रवासी नुसता जागा अडवत नाही, तो स्वतःच पलीकडच्या काठाला उतरतो, आणि हीच बाब मला अडवणुकीपेक्षा गंभीर वाटते. त्यात पीसीबीचा दुसरा उद्योग असतो. ते यकृतातली विकरं चेतवतं आणि थायरॉक्सिनचा निचरा वाढवतं. जागेवरून सुटलेलं थायरॉक्सिन मोकळं होतं, आणि मोकळ्याला यकृत लवकर पित्तात ढकलतं. दोन्ही मिळून पातळी घसरते. अन्नसाखळीच्या टोकाला असलेल्या प्राण्यांत हे किती पुढे जातं ते आर्क्टिकच्या पांढऱ्या अस्वलांनी दाखवलं. त्यांच्या रक्तात ट्रान्सथायरेटिनच्या जागा मोठ्या प्रमाणात अशा रसायनांनी व्यापलेल्या आढळल्या. त्या बर्फात कारखाना नाही. सगळा माल हवेने, पाण्याने आणि सीलच्या चरबीने पोचवलेला.

टीएसएचचा रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याकडे विषय संपतो. पीसीबी दिलेल्या उंदरांत मात्र बरेचदा असं दिसतं की, टी-फोर बरंच खाली गेलं तरी टीएसएच वर चढत नाही. म्हणजे टीएसएच खोटं बोलत नाही, त्याला हा प्रश्नच विचारलेला नसतो. ‘फ्री टी-फोर’ तरी विचारावं, तर नेहमीच्या यंत्रावरची ती तपासणीही वाहक प्रथिनं बदलली की डगमगते. गरोदरपणात टीबीजी वाढतं आणि एकूण टी-फोर दीडपट होतं, तेव्हा तर विशेषच. खात्रीची पद्धत म्हणजे पडद्यातून मोकळं हार्मोन गाळून घ्यायचं, ३७ अंशांवर रात्रभर, आणि मग ते मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं. तापमान दोन अंश घसरलं तरी आकडा बदलतो. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेल्या रुग्णाचा नमुना असेल तर नळीतच स्निग्धाम्लं सुटतात, ती थायरॉक्सिनला हुसकावतात आणि मोकळ्याचा आकडा खोटा फुगतो. आणि केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या खाणाऱ्यांनी तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, नाहीतर काही यंत्रांवर टी-फोर उगाच जास्त आणि टीएसएच उगाच कमी दिसतं.

एखादं रसायन ट्रान्सथायरेटिनची जागा बळकावतं की नाही, हे तपासायची प्रयोगशाळेतली युक्ती सोपी आहे. एएनएसए नावाचं द्रव्य त्या बोळात बसलं की चमकतं, बाहेर पडलं की विझतं. सुमारे ३८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा, ४७५ च्या आसपास चमक मोजायची, आणि तपासायचं रसायन थेंबाथेंबाने वाढवत न्यायचं. चमक निम्मी होते ती मात्रा टिपायची आणि त्याच दिवशी, त्याच तबकडीवर थायरॉक्सिनची तशीच मात्रा काढून तुलना करायची. फसतं ते क्षुल्लक कारणांनी. विद्रावकाचं प्रमाण एक टक्क्याच्या वर गेलं, नमुन्यात अल्ब्युमिन राहिलं, रसायन स्वतःच चमकणारं निघालं, किंवा पीफास काचेला चिकटून बसलं आणि द्रावणात सांगितलं त्यापेक्षा कमी उरलं. पूर्वी हेच काम किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेल्या थायरॉक्सिनवर व्हायचं. ते जास्त संवेदनशील, पण परवाने आणि कचऱ्याचं झंझट मोठं.

स्वयंपाकघरात याचा अर्थ वेगवेगळा निघतो. पीसीबी चरबीत राहतं, म्हणून माशाचं पोट, कातडीखालची चरबी, काळसर मांस आणि यकृत यांत जास्त. गाबोळीतही, कारण मादी आपली चरबी अंड्यांत ओतते. चिंबोरीच्या पाठीखालचा पिवळा मऊ भाग म्हणजे तिचं यकृतच, आणि नेमका तोच भाग चोखून खायची आपली रीत. भाजताना गळणारी चरबी टाकून दिली तर पीसीबी थोडं कमी होतं. त्याच तेलात पुन्हा तळलं तर ते परत ताटात. पीफासला हे काही लागू नाही. ते चरबीत जमत नाही, रक्त आणि यकृत यांत जमतं, आणि भाजून, तळून, उकडून जात नाही. मांदेली-सुकटीसारखी लहान, कमी आयुष्याची मासळी अन्नसाखळीत खाली असते, मुशी वर्षानुवर्षं जगून साठवत राहते. गाळ चिवडून खाणारं बोईट आणि शिंगाळा मधे कुठेतरी, पण गाळाच्या अगदी जवळ. गाळाचं म्हणाल तर खाऱ्या पाण्यात पीएफओएस गोड्या पाण्यापेक्षा गाळाला जास्त चिकटतं, त्यामुळे नदी जिथे खाडीला मिळते तिथे ते अडकून बसण्याची शक्यता मोठी, आणि सक्शन पंपाने वाळू उपसली की तो गाळ पुन्हा पाण्यात. "मासे खाणाऱ्याला थायरॉइड होत नाही, आयोडीन मिळतं ना" असं आपल्याकडे ठामपणे म्हणतात. आयोडीन हार्मोन बनवायला लागतं. बनलेलं पोचायच्या वाटेवर कुणी बसलं असेल, तर मिठाच्या पुडीचा तिथे उपयोग नाही. याचा अर्थ मासे सोडा असाही नाही. गरोदर बाईच्या ताटातून मासाच काढून घेणं हा मला तरी वाईट सौदा वाटतो. यकृत, पिवळा भाग आणि मुशी टाळली तरी बरंच साधतं.

पाण्याबाबत गैरसमज आणखी. उकळल्याने पीफास जात नाही, उलट पाणी आटून तीव्र होतं. तुरटीने जात नाही, वाळूच्या गाळणीने नाही, क्लोरीनने नाही. आरओने जातं, आणि चांगल्या सक्रिय कोळशाने काही काळ जातं. कोळसा भरला की, तेच साचलेलं पुढे सोडू लागतो, म्हणून काडतूस वेळेवर बदलणं हे महत्त्वाचं. आरओचं टाकाऊ पाणी परसातल्या आळूला सोडणारे बरेच आहेत. विहीर स्वच्छ असेल तर हरकत नाही, नसेल तर त्यात सगळं घट्ट झालेलं असतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गुडघ्याला चोळणं, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावणं, हे बंद व्हायलाच हवं. शुद्ध पीसीबी तेल पाण्यात बुडतं आणि साधं खनिज तेल तरंगतं, अशी एक गावठी परीक्षा सांगतात. ती खरी आहे, पण खनिज तेलात थोडं पीसीबी मिसळलेलं असेल तर ते तरंगतंच. किलोमागे ५० मिलिग्रॅम ही धोक्याची रेघ डोळ्याला दिसत नाही. तांब्याच्या तारेवर जाळून हिरवी ज्योत बघायचा प्रयोग तर अजिबात करू नये, पीसीबी अर्धवट जळलं की त्यातून डायऑक्सिनसारखी द्रव्यं निघतात.

सांडपाण्याच्या संयंत्रातून निघणाऱ्या पाण्याची नेहमीची तपासणी सामू, बीओडी, सीओडी, तरंगते कण, तेल-ग्रीस अशी असते. जिवाणू जे खातात ते बीओडीत दिसतं, डायक्रोमेट जे जाळतं ते सीओडीत. कार्बन-फ्लोरीनचा बंध दोघांनाही दाद देत नाही, त्यामुळे अहवाल चोख आणि पाणी मात्र तसंच, हे सहज शक्य आहे. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात किंवा अर्जात नुसतं "खाडीचं पाणी तपासावं" असं लिहिलं तर सीओडीचाच आकडा परत येईल. लिहायचं ते नावानिशी: पीएफओएस, पीएफओए, पीएफएचएक्सएस, आणि गाळातलं व माशाच्या यकृतातलं पीसीबी. पिण्याच्या पाण्यातल्या पीसीबीसाठी भारतीय मानकात लिटरमागे ०.०००५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहेच, तिचा आधार घेता येतो. पीफाससाठी युरोपीय संघाने वीस द्रव्यांच्या बेरजेला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे, निदान तितक्या खाली मोजू शकणारी प्रयोगशाळा हवी. नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्यायचा, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नको. घेणाऱ्याच्या अंगावर पाणी न शिरणारं जाकीट नको, हाताला क्रीम नको, यांतूनही पीफास मिसळू शकतं. सोबत एक बाटली शुद्ध पाण्याची न्यायची, तिथेच उघडून बंद करायची आणि तीही तपासायला द्यायची, म्हणजे बाहेरून काही मिसळलं तर कळेल. ओहोटी संपत आली की घ्यायचा, कारण भरतीच्या पाण्यात दर्याच मोजला जातो. पाण्याची एक बाटली घेतली तर गाळाच्या तीन घ्याव्यात: सांडपाण्याच्या तोंडाशी, तिथून खाली, आणि वर जिथे अजून काही मिळालेलं नाही तिथे.